कोवळ्या किती?

रिपोर्ट दाखवताना बाई प्लेटलेटच्या आकड्यावर अंगठा ठेवायच्या. डॉक्टर असोत, नर्स असो की पेशंटचा बाप, कागद सरळ कोणाच्या हातात पडत नसे. त्याचं एक टोक बाईंच्या हातात राहायचं, उजवा अंगठा नेमका त्या आकड्यावर, आणि डाव्या हाताचं बोट खाली हिरव्या पेनानं लिहिलेल्या ओळीवर.

"आधी हे वाचा. मग अंगठा काढते."

त्या ओळीत एक शब्द आणि एक आकडा असायचा. कोवळ्या : आठ. कोवळ्या : चौदा. कोवळ्या : दोन.

समोरच्यानं ती ओळ मोठ्यानं वाचल्याशिवाय अंगठा हलत नसे. एका तापट सर्जननं एकदा कागद खेचून घेतला, तर तो फाटला. अर्धा कागद सर्जनच्या हातात आणि आकडा बाईंच्या अंगठ्याखाली. "वाचा की," बाई म्हणाल्या, "ओळ तुमच्याकडेच आलीय."

शहापुरातल्या एका न्यासाच्या लहान रुग्णालयात बाई लॅब सांभाळत. राहायला मुरबाडच्या अलीकडे एका गावात. रोज सकाळच्या पहिल्या एसटीनं सरळगाव, किन्हवली करत यायच्या आणि सातच्या आधी लॅबचं कुलूप काढायच्या. बुटक्या, सावळ्या, चष्म्याच्या एका काडीला दोरा गुंडाळलेला. त्यांचं नाव रुग्णालयात फारसं कोणी घेत नसे. लॅबच्या बाई, किंवा नुसत्या बाई. मीही इथं तेच म्हणतो.

मी त्यांना पहिल्यांदा भेटलो ते बातमीसाठी. त्या पावसाळ्यात तालुक्यात डेंग्यू होता, वॉर्डात एकेका खाटेवर दोन दोन मुलं होती, आणि प्लेटलेटच्या पिशव्या मिळत नाहीत अशी सगळीकडे ओरड होती. पिशव्या कल्याणहून आणाव्या लागत. मी वही काढून विचारलं, "किती मुलांना पिशव्या लागल्या?"

"तुम्ही पेपरवाले?"

"हो."

"मग प्रश्न चुकलाय. लागल्या किती ते नका विचारू. चढवल्या किती ते विचारा. आणि मग विचारा, न चढवता किती पोरं चालत घरी गेली."

वार्तांकनातल्या चुका मला संपादकांनी दाखवल्या आहेत. लॅबच्या दारात उभं राहून कोणी दाखवण्याची ती पहिली वेळ. बाईंनी मला आत घेतलं. हे क्वचितच घडतं, हे मला पुढे कळलं. लॅबच्या दाराला आतून कडी असायची आणि बाहेरच्या बाकावर बसलेल्यांसाठी एकच नियम होता : दार वाजवायचं नाही, आकडा झाला की बाई स्वतः येतील.

त्यांनी मला सूक्ष्मदर्शकापुढं बसवलं. लाल पेशींच्या गर्दीत जांभळे ठिपके होते. बहुतेक बारीक, एखादा मोठा, फुगीर.

"तो मोठा दिसला? ती कोवळी प्लेटलेट. हाडातल्या मज्जेतून नुकती सुटलीय. एक-दोन दिवसांत आटून इतरांसारखी होईल."

"मग?"

"मग काय? रक्तात एकूण किती उरल्यात ते सगळे मोजतात. पण त्या उरलेल्यांत कोवळ्या किती, ते कोणी बघत नाही. कोवळ्या भरपूर असल्या, तर समजायचं आत काम जोरात चालू आहे. आकडा आज खाली असेल, उद्या-परवा वर येणार. कोवळ्याच नसल्या, तर आकडा किती का असेना, मला घाम फुटतो."

डोळ्यांनी पाहून हा अंदाज बांधता येतो, पण तो अंदाजच. नेमका आकडा मिळायला लागला तो नवीन यंत्र आल्यावर. एका कारखान्यानं देणगी म्हणून ते दिलं होतं. बसवायला आलेल्या इंजिनिअरनं पडद्यावरची एक आतली खिडकी पटकन बंद केली तेव्हा बाईंनी विचारलं, हे काय होतं? "मॅडम, वो रिपोर्ट में नहीं आता," तो म्हणाला. "रिसर्च के लिए है."

तो गेल्यावर बाईंनी ती खिडकी पुन्हा उघडली. शंभर प्लेटलेटमध्ये कोवळ्या किती, हे यंत्र तिथं मोजून दाखवत होतं आणि छापत नव्हतं. त्यासाठी लागणाऱ्या वेगळ्या द्रावणाची एक बाटली खोक्यात नमुना म्हणून आली होती. ती संपेपर्यंत बाईंनी काही मागितलं नाही. फक्त एक दोनशे पानी वही सुरू केली. तीन रकाने. आज. कोवळ्या. उद्या.

पहिले दोन रकाने भरायला पाच मिनिटं लागत. तिसऱ्यासाठी एक रात्र थांबावं लागे. त्याच मुलाचा दुसऱ्या दिवशीचा आकडा आला की बाई आदल्या दिवसाच्या ओळीपुढं तो लिहायच्या. बाटली संपली तेव्हा वहीची अकरा पानं भरली होती. ती वही घेऊन त्या मुख्य डॉक्टरांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "मधला रकाना झाकून तिसरा ओळखून दाखवा." डॉक्टरांना जमलं नाही. "आता झाकू नका." डॉक्टर पानं उलटत गेले. मग त्यांनी द्रावणाच्या मागणीपत्रावर सही केली. हा प्रसंग बाईंनी मला किमान चार वेळा सांगितला, आणि चारही वेळा सही करताना डॉक्टरांनी पेनाचं टोपण उलटं लावलं होतं.

मुलांशी त्या मोठ्या माणसांसारखं बोलत. सुई टोचताना "डोळे मिट" असं कधी म्हणत नसत. "बघ, बघ. कसं पळतंय बघ. कुठून आलं हे?" रडणारं पोर क्षणभर खरंच बघायचं. तेवढ्यात जांभळ्या झाकणाची बाटली भरलेली असे. एका मुलीनं उत्तर दिलं होतं, "तुमीच आणला, सुईतून." बाई दिवसभर ते ज्याला त्याला सांगत होत्या.

कोवळ्यांचा आकडा दोन्हीकडे चालतो, हे मला मुरबाडकडच्या एका मुलामुळे समजलं. नऊ वर्षांचा, अडतीस हजार प्लेटलेट. वॉर्डात त्या दिवशी वीस हजारांची मुलं होती. अडतीसवाल्याकडे कोण बघतो? ताप उतरला होता. घरचे डिस्चार्ज मागत होते. बाईंनी हिरव्या पेनानं लिहिलं, कोवळ्या : दोन. पुन्हा लावलं, दोन. तिसऱ्यांदा लावलं, दोन. मग काच रंगवली आणि सूक्ष्मदर्शकावर बराच वेळ वाकून राहिल्या. उठल्या त्या थेट डॉक्टरांच्या टेबलापाशी गेल्या. त्या दिवशी त्यांनी आकड्यावर अंगठा ठेवला नाही.

"याला आज मुंबईला पाठवा. उद्या नाही."

रक्ताचा कर्करोग निघाला. तिथं त्याला प्लेटलेट चढवाव्याच लागल्या, पुन्हा पुन्हा, कारण त्याच्या अंगात त्या तयारच होत नव्हत्या. एकट्या आकड्यावरून निदान होत नाही हे बाईच सर्वांना बजावत. "आकडा दार दाखवतो. आत डॉक्टरांनी जायचं." दीड वर्षानं तो मुलगा त्यांना मुरबाडच्या एसटी स्टँडवर दिसला. "केस परत आलेत," त्या मला म्हणाल्या. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "कुरळे आलेत."

आता मुख्य गोष्ट.

बाईंची नोकरी सप्टेंबरच्या शेवटच्या दिवशी संपत होती. त्याच्या दोन दिवस आधी डोळखांबच्या पलीकडच्या एका पाड्यावरची सात वर्षांची मुलगी दाखल झाली. तिचं नाव इथं वनिता ठेवतो. डेंग्यू. पहिल्या दिवशी एकतीस हजार, कोवळ्या पाच. दुसऱ्या दिवशी सतरा हजार, कोवळ्या नऊ. शेवटच्या दिवशी सकाळी सात वाजता बारा हजार.

मी त्या दिवशी निरोप समारंभाची चार ओळींची बातमी करायला गेलो होतो. साडेनऊला रुग्णालयात पोचलो तेव्हा फाटकाशी रुग्णवाहिका सुरू करून ठेवली होती, आणि तिच्या मागं एक पिकअप उभी होती. पिकअपमधून माणसं उतरत होती. सतरा मी मोजली. पाड्यावर कोणाच्या घरी अडचण आली की सगळ्या घरांतून एकेकानं उठायचं, ही तिकडची रीत. वनिताला रक्त लागणार असं आदल्या संध्याकाळीच कळलं होतं. सकाळी पाडा हजर.

बालरोगतज्ज्ञ जूनमध्येच रुजू झाले होते. तिशीतले, शांत. त्या सकाळी ते शांत नव्हते. लॅबच्या दारात ते आणि बाई समोरासमोर उभे होते. कागदाचं एक टोक डॉक्टरांच्या हातात, दुसरं बाईंच्या. अंगठा जागच्या जागी.

"बाई, मला माहीत आहे तिथं बारा आहे."

"ओळ वाचा."

"कोवळ्या सोळा. वाचलं. तरी मी तिला कल्याणला पाठवतोय. पिशवी तिकडे आहे."

"रक्त येतंय कुठून? नाक, हिरड्या?"

"नाही."

"लघवी?"

"होतेय. रक्तदाब ठीक आहे. रक्ताचा घट्टपणाही कालपेक्षा कमी झालाय." डॉक्टरांनी एवढं सांगितलं आणि त्यांचा आवाज खाली आला. "बाई, मी एकदा उशीर केलाय. आधीच्या ठिकाणी. मुलगा माझ्यासमोर गेला."

बाईंनी कागद सोडला. अंगठ्याखालचा आकडा पहिल्यांदाच आपोआप उघडा पडला.

"मी घाई केलेली पाहिलीय," त्या म्हणाल्या. "एवढीच पोरगी होती. रक्त कुठूनच जात नव्हतं. आकडा बघून पिशवी लावली, वर सलाइन. अंगात पाणी वाढलं, छाती भरली. पिशवीतल्या प्लेटलेट तर दुपारपर्यंत अंगानंच खाऊन टाकल्या. आकडा होता तिथंच." मग म्हणाल्या, "काल नऊ होत्या, आज सोळा. दोन तास गाडीत हलवण्यापेक्षा तुमच्या डोळ्यांसमोर राहू द्या. एक दिवस. रक्त दिसलं, रक्तदाब हलला, की त्या क्षणी पाठवा. गाडी फाटकातच ठेवा."

"आणि उद्या नाही वाढल्या तर?"

"उद्या मी इथं नाही, हे मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "म्हणून सोपं बोलत नाहीये."

डॉक्टर काही बोलायच्या आत वनिताचा बाप पुढं आला. काटक, गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला. "डाक्टर, थांबाचा कशाला? आमी सतरा जण हाव. सगल्यांचा घ्या. पोरीला घाला."

"बाबा, असं लगेच एकाचं काढून दुसऱ्याला नाही घालत," डॉक्टर म्हणाले.

"मंग आमी आलो ते?"

तेवढ्यात सतरांपैकी एकजण पायरीवर खाली बसला. बसला म्हणजे घसरला. त्याला पाणी दिलं. बाईंनी त्याची नाडी धरली.

"सकाळी काय खाल्लंस?"

"काय नाय."

"काल रात्री?"

"काय नाय. रक्त द्याचा ना."

बाईंनी बाकीच्यांकडे पाहिलं. "तुमी?"

कोणी जेवलेलं नव्हतं. सतराच्या सतरा जण आदल्या संध्याकाळपासून निर्जळी.

"उपाशी या म्हणून कोणी सांगितलं तुम्हाला?"

माणसं एकमेकांकडे बघू लागली. एक म्हातारा म्हणाला, "तुमीच गो बाय. शिबिरात. रक्त द्याचा तर उपाशी येवाचा, पाणीसुदा नको, असा तुमीच बोललाव. आमी तवाधरना पाळताव."

आदल्या वर्षी पाड्यावर साखर तपासायचं शिबिर झालं होतं. लॅबतर्फे बाई गेल्या होत्या. त्यांनी साखरेसाठी सांगितलेलं सगळ्या पाड्यानं रक्ताचा कायदा म्हणून जपून ठेवलं होतं.

बाई हसल्या. मला वाटतं आमच्या तीन वर्षांच्या ओळखीत मी त्यांना मोठ्यानं हसताना तेव्हाच पाहिलं. "माझीच चूक. मीच सांगितलं. पण रक्त देणाऱ्यानं पोटभर खाऊन यायचं. उपाशी माणसाचं कोणी घेणार नाही."

"म्हंजी आमचा कोनाचाच चालनार नाय?" बापाचा चेहरा पडला. सतरा माणसं आणली आणि एकही उपयोगी नाही, असं त्याला वाटलं. त्याचा आवाज चढला. "मंग पाठवा ना तिला! थांबताव कशाला? मरंल ती!"

डॉक्टरांनी रुग्णवाहिकेकडे पाहिलं.

बाईंनी बापाला बाकावर बसवलं आणि शेजारी बसल्या. त्या बाकावर बाई बसलेल्या मी आधी कधी पाहिल्या नव्हत्या.

"भात किती लावतोस?"

तो चक्रावला. "हाये थोडा."

"लावणीच्या दिवसांत जोराचा पाऊस झाला, लावलेलं सगळं वाहून गेलं. वावर रिकामं दिसतंय. तू पहिल्यांदा काय बघशील?"

"आवन हाये का नाय, तां." आवण म्हणजे लावणीसाठी वाढवलेली भाताची रोपं.

"आवण चांगलं उभं आहे. हिरवंगार. मग?"

"मंग काय. पानी वसरला का परत लावू."

"पाणी ओसरायच्या आत शेजाऱ्याचं आवण मागून आणून त्या वाहत्या पाण्यात लावशील?"

"नाय लावनार. त्याचा बी जाल नि आपली मेहनत बी."

"वनिताचं वावर रिकामं आहे. खोटं नाही सांगत, फार रिकामं आहे. पण आवण उभं आहे. काल नऊ मुठी होतं, आज सोळा. पाणी ओसरायला लागलंय असं डॉक्टर म्हणतायत. आज रात्रभर ते बघत राहतील."

त्यानं गुडघ्यावरचा वाळलेला चिखल नखानं खरवडला. "नि आवनच नसता तर?"

"तर मीच तुला गाडीत ढकललं असतं. शेजाऱ्याच्या दारात."

त्यानं वर पाहिलं. "थांबू," तो म्हणाला. मग डॉक्टरांना म्हणाला, "पन तुमी जाव नुको हां, डाक्टर."

"नाही जाणार," डॉक्टर म्हणाले. त्यांनी रुग्णवाहिकेच्या चालकाला इंजिन बंद करायची खूण केली. गाडी तोंड रस्त्याकडे करून फाटकातच उभी राहिली.

समारंभ तीन वाजता होता. बटाटेवडे आणि जिलेबी बाराला आली. बाईंनी खोकी उघडून व्हरांड्यात पंगत बसवली. सतरा माणसांनी एका निवृत्तीचं सगळं खाणं संपवलं. जेवून ठीक वाटू लागल्यावर त्यांतले चौघे कल्याणला रक्त द्यायला गेले. एक पिशवी वनितासाठी राखून ठेवायला डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि बाईंनी लगेच मान हलवली होती. "राखून ठेवा. हिला नाही लागली तर दुसऱ्या कोणा पोराला लागेल." तीन वाजता भाषणं झाली, शाल झाली, नारळ झाला, खायला काही नव्हतं. विश्वस्तांनी दोनदा खोक्यांकडे पाहिलं.

भाषणांच्या मध्ये बाईंचं लक्ष नव्हतं. दुपारी एकच्या नमुन्यात आकडा अकरा आला होता. आणखी एक हजार खाली. कोवळ्या मात्र अठरा. त्यांना बोलायला सांगितलं तेव्हा त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी सातचा नमुना सातलाच काढा. मुलगी झोपली असली तरी उठवा." आणि बसल्या. टाळ्या वाजवायच्या की नाही, हे कोणाला कळलं नाही.

संध्याकाळी त्यांनी लॅबच्या किल्ल्या प्रणालीला दिल्या. प्रणाली सहा वर्षं त्यांच्या शेजारी काम करत होती, त्यामुळे सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. वही उघडी होती. त्या दिवसाची ओळ : अकरा. अठरा. तिसऱ्या रकान्यात काही नाही. बाईंनी पेनाचं टोपण लावलं, ते पेन वहीच्या घडीत ठेवलं आणि किन्हवलीची गाडी पकडायला निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा गेलो. बातमी काही नव्हती. तरीही गेलो.

साडेसहाला लॅबबाहेरच्या बाकावर बाई बसल्या होत्या. रोजच्याच गाडीनं आलेल्या, रोजचीच पिशवी मांडीवर. एका बाजूला वनिताचा बाप, दुसऱ्या बाजूला कालचा म्हातारा. दार बंद होतं.

"आत नाही गेलात?" मी विचारलं.

"मी कुठं इथली आता?" त्या म्हणाल्या. "बाहेरच्या माणसानं लॅबमध्ये जायचं नसतं."

सात वाजता प्रणाली वॉर्डातून जांभळ्या झाकणाची बाटली घेऊन आली. बाईंना पाहून थबकली. बाईंनी तिला हातानं जा म्हटलं. आतून कडी लागली. यंत्राचा आवाज बाहेर येत होता. नमुना ओढल्याचा, मग धुण्याचा. बाप उठला आणि दारापाशी गेला. हात उचलला.

"वाजवू नको," बाई म्हणाल्या. "झालं की येतील."

तो परत बसला. थोड्या वेळानं स्वतः बाईच उठल्या, दारापर्यंत गेल्या, उभ्या राहिल्या, परत येऊन बसल्या. आतून यंत्राचा आवाज थांबला. पुन्हा सुरू झाला. प्रणाली नमुना दुसऱ्यांदा लावत होती. हे त्या बाकावर फक्त बाईंना कळलं असणार, कारण त्यांनी पिशवीचे बंद दोन्ही मुठींत घट्ट धरले.

दरम्यान डॉक्टर वॉर्डाकडून आले. रात्रीचेच कपडे, दाढी वाढलेली. ते आत गेले. कडी पुन्हा लागली.

मग दार उघडलं.

डॉक्टर कागद घेऊन बाहेर आले आणि बाईंच्या समोर उभे राहिले. कागद त्यांनी पुढं केला, पण सोडला नाही. त्यांचा उजवा अंगठा प्लेटलेटच्या आकड्यावर होता. खाली हिरवी ओळ होती, प्रणालीच्या अक्षरात.

"आधी हे वाचा," डॉक्टर म्हणाले.

बाईंनी चष्मा सारखा केला. "कोवळ्या : एकवीस."

आणि मग, तीन वर्षांत मी जे कधी ऐकलं नव्हतं ते त्या म्हणाल्या.

"अंगठा काढा, डॉक्टर."

डॉक्टरांनी काढला. एकतीस हजार.

प्रणाली दारातून ओरडली, "दोनदा लावलाय, बाई! दोन्ही वेळा एकतीस!" म्हाताऱ्यानं दोन्ही हात कपाळाला लावले. डॉक्टर बाकावर बसले आणि हसायला लागले आणि त्यांना थांबता येईना. बाप मात्र बाईंच्या तोंडाकडे बघत होता. आकडा त्याला नको होता.

"पानी वसरला?"

"ओसरलं. लावणी सुरू झाली."

त्यानं मान हलवली. पुन्हा हलवली. मग फार हळू आवाजात विचारलं, "मंग आता जेवू ना गो बाय?"

तो आदल्या दुपारच्या वड्यांनंतर काही जेवला नव्हता. रक्त मागितलं तर चटकन देता यावं म्हणून. काल समजावलेलं सगळं त्याला पटलं होतं, तरी मुलगी त्याची होती.

बाई त्याच्यावर ओरडणार असं मला वाटलं. त्यांनी पिशवीत हात घातला आणि डबा काढला. आता ड्युटी नव्हती, दुपारपर्यंत थांबायचं नव्हतं, पण बत्तीस वर्षांच्या सवयीनं हातांनी सकाळी डबा भरला होता. नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी. डबा त्याच्या हातात ठेवून त्या उठल्या. "वनिताला सांग, मी येऊन गेले. झोपली असेल तर उठवू नको." सव्वाआठची मुरबाड गाडी होती. फाटकातून जाताना त्यांनी एकदा वळून पाहिलं; व्हरांड्याकडे नाही, लॅबच्या दाराकडे. दार उघडं राहिलं होतं. प्रणाली धावत जाऊन ते लावून आली.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी वनिता घरी गेली. राखलेली पिशवी कल्याणातच कोणाला तरी लागली.

तीन आठवड्यांनी बाप तिला तपासणीला घेऊन आला तेव्हा योगायोगानं मी तिथं होतो. त्याच्या हातात तो डबा होता. रिकामा डबा परत द्यायचा नाही म्हणून त्यात हळव्या, म्हणजे लवकर येणाऱ्या भाताचे नवे तांदूळ होते, त्याच्या वावरातले. बाई नाहीत, आता येत नाहीत, हे त्याला पटेना. "येतील ना एकदा तरी." प्रणालीनं बाईंना फोन लावून स्पीकरवर टाकला.

"वनिता आलीय, बाई."

"किती?"

प्रणालीनं कागद घेतला. सवयीनं अंगठा ठेवला, मग आपलाच अंगठा पाहून हसली. "कोवळ्या तीन."

"आणि?"

"दोन लाख दहा हजार."

पलीकडे एसटीचा हॉर्न ऐकू आला. "बरोबर," बाई म्हणाल्या. "आता मज्जेला घाई नाही. पोरगी काय म्हणते?"

वनिता टेबलाशी उभी राहून कोपराच्या आतला कापूस उचलून खाली बघत होती. "बाय," ती फोनकडे तोंड करून म्हणाली, "आज पन रक्त पलाला. मी बघला."

डबा अजून लॅबच्या फडताळात आहे, वहीच्या शेजारी. बाईंच्या शेवटच्या ओळीचा तिसरा रकाना भरलेला आहे. एकतीस. अक्षर प्रणालीचं, पेन तेच हिरवं.